डोंगरातला रेंजर: पगारी भटकंती नव्हे

ब्रिटनच्या डोंगराळ भागातला रेंजर (राष्ट्रीय उद्यानाची देखभाल करणारा कर्मचारी) म्हणजे दिवसभर हिंडायचं आणि वर पगार घ्यायचा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे.

1951 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या, इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टचंच घ्या. तिथली बरीचशी जमीन खासगी आहे, त्यामुळे शेतकऱ्यांशी बोलणं हे रोजचंच काम. कधी ढासळलेली दगडी भिंत रचायची, तीही सिमेंटशिवाय: दोन्ही अंगांना मोठे दगड, पोटात बारीक दगड घट्ट ठासलेले, आणि मध्येमध्ये आरपार जाणारा लांब दगड. तो विसरला की भिंतीला पोट सुटतं! मग शाळेची सहल, पक्ष्यांची मोजणी. पाऊस लांबला की आगीचा धोका. तिथली पीटची जमीन अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. वरची ज्वाळा विझली तरी आत धुमसतच राहते.