‘हयात आहे’ असं लिहून द्या

नोव्हेंबर लागला की महाराष्ट्रातल्या बँकांत एक यादी येते. कोषागाराने पाठवलेली. निवृत्तीवेतनधारकाचं नाव, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्राचा क्रमांक आणि पुढे सहीपुरता रिकामा चौकोन. निवृत्त शिक्षक, तलाठी, पाटबंधारे खात्यातले कारकून तिथे येतात, चष्मा पुसतात, आपलं नाव शोधतात आणि चौकोनात सही ठोकतात. वर्षभराची बेगमी झाली. बाकावर बसल्या बसल्या चौकशाही होतात, कोण आलं, कोण राहिलं, आणि कोण ‘गेलं’.

ही यादी अमेरिकेतल्या एडिसनला किंवा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला जात नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या पेन्शनरला मग हयातीचा दाखला पाठवावा लागतो, आणि तिथून फोन सुरू होतात. कुणाची सही चालेल? शिक्का गोल हवा की चौकोनी? मूळ कागदच लागतो का? हा सगळा व्याप आजच्या बँकांनी किंवा संगणकाने केला असं वाटतं खरं, पण त्याचं मूळ फार जुनं आहे. गंमत म्हणजे हा दाखला मुळात अडवण्यासाठी निघालेला नव्हता, तो सवलत म्हणून आला होता.

घरापासून लांब राहणारा एक पेन्शनर मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतो. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला. वर्षाला ८ लाख रुपये ठरवून कंपनीने त्याला पुण्यापासून दूर, कानपूरजवळ बिठूरला नेऊन बसवलं. तो आणखी ३३ वर्षं जगला. १८५१ मध्ये तो वारला तेव्हा दत्तकपुत्र नानासाहेबाला ती रक्कम द्यायला कंपनीने नकार दिला. पेन्शन माणसाची, घराण्याची नव्हे, हा त्यामागचा हिशेब. त्याचे राजकीय परिणाम सर्वांना माहीत आहेत. आपल्याला इथे हवा तो मुद्दा साधा आहे: पैसा श्वासाला बांधलेला असला की देणाऱ्याला श्वासाची खात्री हवी असते.

ती खात्री इंग्रजी अमलात ट्रेझरीच्या खिडकीवर होई. पेन्शनरने स्वतः हजर व्हायचं आणि आपली प्रत दाखवायची, ट्रेझरीने आपल्याकडची प्रत काढून दोन्ही ताडून पाहायच्या. पीपीओचे हे दोन अर्धे आजही आहेत. सोबतच्या वर्णनपत्रात उंची, अंगावरची ओळखखूण, बोटांचे ठसे. ज्यांना हजर होणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी मात्र नियमांनी वाट ठेवली. सरकारने खास सूट दिलेले, आजाराने अंथरुणाला खिळलेले, आणि चारचौघांत वावरण्याची सवय नसलेल्या स्त्रिया. अशांनी जबाबदार सरकारी अधिकाऱ्याच्या किंवा भरवशाच्या प्रतिष्ठित माणसाच्या सहीने ‘हा इसम हयात आहे’ असं लिहून आणलं की पुरे.

म्हणजे हयातीचा दाखला हा न येण्याचा परवाना होता. ज्यांचे पाय ट्रेझरीपर्यंत पोचत नाहीत त्यांच्या वतीने कागदाने चालत जायचं.

पण त्याच नियमात पुढे एक कलम होतं. फसवणूक होऊ नये म्हणून अधिकाऱ्याने वर्षातून निदान एकदा, दाखल्यावर विसंबून न राहता, माणूस खरोखर जिवंत असल्याचा स्वतंत्र पुरावा घ्यावा. सूट द्यायची आणि त्या सुटीवर विश्वासही ठेवायचा नाही, अशी ही दुहेरी रचना. आजच्या प्रत्येक तक्रारीची मुळी मला या एका कलमात दिसते. दाखला दिला तरी ‘एकदा समोर या ना’ असं जे ऐकू येतं, त्याला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे.

संशयाला कारणही होतं. मेलेल्याच्या नावावर दुसराच कुणी पैसे उचलतोय, ही भीती पेन्शनइतकीच जुनी. विल्यम हर्शेल हा बंगालमधला इंग्रज अधिकारी. १८५८ मध्ये त्याने एका ठेकेदाराच्या करारावर सहीऐवजी पंजाचा छाप घेतला होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने बोटांच्या ठशांचा रीतसर वापर सुरू केला, तुरुंगात, दस्तनोंदणीत आणि पेन्शनवाटपात. बोटांच्या ठशांचं नाव निघालं की आपल्याला चोर आणि पोलीस आठवतात. पण त्याची तालीम ज्यांच्यावर झाली त्यांत बंगालातले बिचारे पेन्शनरही होते.

त्या काळी परदेशात राहणारा पेन्शनर नव्हता असं नाही. होता, पण तो गोरा साहेब होता. नोकरी इथे करायची, म्हातारपण विलायतेत काढायचं. त्याच्या पेन्शनीचा बोजा भारताच्या तिजोरीवर, ‘होम चार्जेस’मध्ये, म्हणजे भारताने विलायतेत भरायच्या खर्चात. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा जो हिशेब मांडला, त्यात ही पेन्शन होती. साहेबाच्या सोयीला लंडनमध्येच इंडिया ऑफिस होतं. पेन्शनर राहतो तिथे कचेरी असली की कागद कसा हलका होतो, ते यावरून कळावं. आजही याचं उदाहरण सापडतं. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या नेपाळी गुरख्यांसाठी काठमांडू, पोखरा आणि धरान इथे भारताची पेन्शन वाटप कार्यालयं आहेत. एडिसनच्या पेन्शनरच्या वाट्याला तशी खिडकी नाही.

हक्काच्या बाजूने पाहिलं तर प्रवास बराच पुढे गेला. १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनीबद्दल दिवाणी दावा करायलाच आडकाठी घातली होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये, देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची खैरात नव्हे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. १७ डिसेंबर १९८२ च्या डी. एस. नकारा खटल्याच्या निकालाने ते आणखी पक्कं झालं. तेव्हा सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राचे नागरी सेवा निवृत्तीवेतन नियमही त्याच वर्षीचे, १९८२ चे. हक्क असा भक्कम होत गेला. हयातीच्या कागदाकडे मात्र कुणी वळून पाहिलं नाही. केंद्राची पेन्शन १९७६ पासून सरकारी बँकांमार्फत मिळू लागली तेव्हा ट्रेझरीची खिडकी बँकेत आली, इतकंच. पूर्वी दरमहा हजर व्हावं लागे. आता पैसे आपोआप खात्यात पडू लागले आणि हजेरी वर्षातून एकदा, नोव्हेंबरात. जो सवलत म्हणून आला होता तो दाखला आता सगळ्यांनाच सक्तीचा झाला.

घोटाळा सुरू झाला तो मुलं बाहेर गेल्यावर. १९९० च्या अमेरिकी कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला, पुण्या-मुंबईची इंजिनियर मुलं गेली आणि नातवंडांसाठी आई-वडील जाऊ लागले. पहिली काही वर्षं हिशेब जमत होता. पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिने राहता येतं. एप्रिलमध्ये जायचं, बर्फ पडायच्या आत परतायचं, दिवाळी करायची आणि बँकेत सही. मग गुडघे कुरकुरू लागले, दोघांतलं एक जण गेलं, ग्रीनकार्ड झालं आणि परतीचं तिकीट निघेनासं झालं. नोव्हेंबर मात्र दरवर्षी येतच राहिला.

नियमांत परदेशस्थांसाठी तरतूद आहे. मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकेचा अधिकारी किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांच्या सहीचा दाखला अधिकृत प्रतिनिधीमार्फत दिला तर स्वतः हजर राहण्याची गरज नाही. दूतावासापर्यंत जाण्याइतकी प्रकृती नसेल तर डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह टपालाने अर्ज करता येतो. वाचताना वाटतं, सोपं आहे. पण अमेरिकेएवढ्या देशात भारताची वकिलात म्हणजे मोजक्या शहरांत. ओहायोच्या एखाद्या गावातून न्यूयॉर्कला जायचं तर मुलाची सुट्टी, दिवसभराचा प्रवास आणि ऐंशीतला माणूस मागच्या सीटवर.

मग राहिला नोटरी. इथे दोन देशांचे कायदे एकमेकांशी बोलतच नाहीत. आपला नमुना म्हणतो: ‘मी या व्यक्तीला समक्ष पाहिलं असून ती आज रोजी हयात आहे.’ आपल्याकडचा नोटरी म्हणजे मुरलेला वकील, तो हे डोळे मिटून लिहील. अमेरिकेतला नोटरी बहुधा बँकेतला किंवा कुरियरच्या दुकानातला कर्मचारी. अनेक राज्यांत त्याचा अधिकार सहीपुरता: माणसाने त्याच्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली, एवढंच तो प्रमाणित करतो. समोरचा जिवंत आहे हे स्वतःच्या नावावर लिहून द्यायला तो धजत नाही, कारण कायदा त्याला ते करू देत नाही. समोर माणूस उभा, खोकतोय, पाणी मागतोय, आणि तो हयात असल्याचं लिहायला कुणी नाही. यावर जुन्याजाणत्यांनी शोधलेली वाट म्हणजे ‘मी हयात आहे’ असं पेन्शनरनेच शपथेवर लिहायचं आणि नोटरीने सहीखाली शिक्का मारायचा. काही बँकांना हे चालतं, काहींना नाही.

मुखत्यारपत्रासारखे इतर कागद असतील तर अपोस्टील, म्हणजे हेग करारातल्या देशांनी एकमेकांचा मानायचा सरकारी शिक्का. भारत २००५ मध्ये त्या करारात आला, त्यामुळे अमेरिकेतला शिक्का इथे थेट ग्राह्य धरता येतो. कॅनडात मात्र हा करार लागू झाला तो जानेवारी २०२४ मध्ये. तोवर टोरांटोच्या कागदाला वकिलातीची पायरी चुकत नव्हती.

नावांचा गोंधळ तर खास आपला. स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पीपीओवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि तिकडच्या ओळखपत्रावर नवऱ्याच्या नावाचं फक्त एक अक्षर उरलेलं. कुटुंब निवृत्तीवेतन घेणाऱ्या बायकांना याचा त्रास जास्त, कारण त्यांच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं फिरत असतात. त्यात परकीय चलन कायद्याप्रमाणे परदेशी वास्तव्य झालं की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं खातं, करावं लागतं. ते केलं नाही तर नियमभंग, आणि करायला घ्यावं तर पेन्शनचं खातं म्हणून नवे फॉर्म.

दाखला पोचला नाही तर पेन्शन थांबते. बुडत नाही, थकबाकीसह मिळते. पण केंद्राच्या पेन्शनरचा दाखला तीन वर्षांहून अधिक काळ रखडला असेल तर वरून मंजुरी आणावी लागते.

१० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला सुरू झाला तेव्हा परदेशातल्या घराघरांत हुश्श झालं असेल. आधार क्रमांक, बोटाचा ठसा, संपलं. आधारचं पहिलं कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २०१० मध्ये दिलं गेलं होतं. चार वर्षांत ते हयातीची साक्ष द्यायला उभं राहिलं. हर्शेलचाच ठसा, फक्त शाईशिवाय. आणि अडचणही त्यातलीच: भांडी घासून, खडू धरून, उतारवयाने बोटांच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र ओळखत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखण्याची सोय आली. साध्या स्मार्टफोनवर चेहरा दाखवायचा, सांगितल्यावर डोळे मिचकावायचे.

परदेशातल्यांपैकी ज्यांच्याकडे आधार आहे त्यांना याचा खरोखर फायदा झाला, हे मान्य करायलाच हवं. पण आधार कायदा रहिवाशांसाठी आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना १८२ दिवसांची अट २०१९ मध्ये माफ झाली; ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं त्यांना ती माफी नाही. पुनर्विवाह केलेल्या किंवा पुन्हा नोकरीला लागलेल्या पेन्शनरलाही डिजिटल दाखला चालत नाही. करोनाच्या वर्षी केंद्राने मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली, आणि इथे पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत दाखला काढून देऊ लागले. पोस्टमन अर्थातच समुद्र ओलांडत नाही. ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, हा त्यातल्या त्यात कामाचा बदल, कुरियरला महिना जास्त मिळतो.

आमच्या घरी अजून पाकीटच जातं. मावशी भावाकडे न्यू जर्सीत, पासपोर्ट तिकडचा, पेन्शन इकडची. एका वर्षी तिने नोटरीसमोर सही करून दाखला वेळेत धाडला आणि मी तो बँकेत नेऊन दिला. काउंटरवरच्या मुलाने कागद उलटासुलटा पाहिला आणि तारखेवर बोट ठेवलं: ११/०४. “काका, हा एप्रिलचा दाखला आहे. नोव्हेंबरात कसा चालेल?” अमेरिकेत महिना आधी लिहितात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “असेल, पण असं लेखी कुठे आहे?” शेवटी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन मावशीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाटेचे पाच. ती शाल गुंडाळून उठली, मॅनेजरांना नमस्कार केला आणि विचारलं, “आता दिसतेय का मी?”

त्या वर्षापासून ती महिना अक्षरांत लिहिते.