पेन टॅब्लेटवर चित्रकलेचा सराव : नव्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पोळ्याचे फलक, लग्नपत्रिका, शाळेची भित्तिपत्रके अशा कामांसाठी आमच्याकडून पेन टॅब्लेट घेणाऱ्यांपैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची रेखाकला परीक्षा दिलेली असते. वस्तुचित्रासाठी तेव्हा केलेला सराव येथेही पुरेपूर उपयोगी पडतो. मात्र हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवून रेघ ओढण्याची सवय नव्याने लावावी लागते. ती लागेपर्यंत पूर्ण चित्र हाती घेऊ नये आणि एकाच साध्या गोल ब्रशने काम करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तयार ब्रशांचे शेकडो नमुने उतरवून घेतल्याने हात वळत नाही.

सरावासाठी क्रिटा हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मोफत असून विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर चालते. छपाईसाठी ३०० डीपीआयचा (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांचा) ए-४ कॅनव्हास २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो, परंतु संगणक जुना असल्यास सरावापुरता १२४० × १७५४ पिक्सेलचा कॅनव्हास घ्यावा, म्हणजे ब्रश अडखळणार नाही. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये त्याच्या रेखाटनक्षेत्राच्या लांबी-रुंदीचे प्रमाण पडद्याच्या प्रमाणाशी जुळवून घेणे अत्यावश्यक आहे. ते जुळले नाही, तर हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल दिसते आणि दोष आपल्या हाताचा आहे असे वाटत राहते.

पहिले काही दिवस केवळ रेघांना द्यावेत. दोन ठिपके काढून, पेन न टेकवता हात त्या वाटेने एकदोनदा फिरवावा आणि मग एकाच ओघात रेघ ओढावी. रेघ चुकली तरी ती पुसून पुन्हा काढत बसण्यापेक्षा तिच्या शेजारी दुसरी ओढावी, कारण वारंवार मागे जाण्याच्या सवयीने हात भित्रा होतो. लांब रेघ मनगटातून न ओढता कोपरापासून हात हलवून ओढावी. त्यानंतर बारीक सुरू होऊन मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा बारीक होणाऱ्या रेघांचा सराव करावा. पेनचा दाब ताब्यात येण्यासाठी याहून चांगला अभ्यास आम्हांला ठाऊक नाही. रेघ आपोआप गुळगुळीत करणारी स्टॅबिलायझरची सोय या काळात बंद ठेवावी.

रेघ स्थिरावल्यावर रंगांकडे न वळता छायाप्रकाशाकडे वळावे, कारण चित्रात गोलाई येते ती छटांमुळे, रंगांमुळे नव्हे. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच करड्या छटा तयार कराव्यात. बाजारातून एक संत्रे आणून ते खिडकीशेजारी ठेवावे, घरातील दिवा बंद करावा आणि त्या पाच छटांतच ते रंगवावे. खिडकीकडची बाजू उजळ, तेथून वळत गेलेला भाग मध्यम आणि पलीकडचा भाग गडद दिसेल. परंतु अगदी खालच्या कडेला, टेबलावरून परतलेल्या प्रकाशाने, पुन्हा किंचित उजेड आलेला असतो. हा परतलेला उजेड उजळ बाजूइतका कधीही करू नये. नवशिक्यांची चित्रे सर्वांत जास्त येथेच फसतात. पडछाया संत्रे टेकले आहे तेथे सर्वांत गडद असते आणि दूर जाताना तिची कड विरत जाते. मधूनमधून क्रिटामध्ये ‘एम’ची कळ दाबून चित्र आरशातल्यासारखे उलटे पाहावे, म्हणजे आकारातील तिरपेपणा तत्काळ ध्यानात येतो.

नंतर तेच संत्रे रंगात करावे. छायेसाठी नारिंगीत काळा मिसळल्यास रंग मळकट होतो. त्याऐवजी रंगचक्रावर थोडे तांबड्याकडे सरकून गडद छटा निवडावी. कापसाचे फुटलेले बोंड हा पुढचा आणि अधिक अवघड अभ्यास आहे. पाठीमागे मध्यम करडा रंग द्यावा, बोंडाचा बहुतेक भाग फिकट करड्यातच रंगवावा आणि शुद्ध पांढरा फक्त उन्हाच्या कडेवर, अगदी शेवटी वापरावा. मोकळ्या शेतात पाहिल्यास बोंडाच्या सावलीत आकाशाची निळसर झाक दिसते, तीही उतरवावी. फाल्गुनातील पळस रंगवताना भोवतालचे गवत जाणीवपूर्वक फिके ठेवावे; सगळेच रंग भडक झाले तर पळस उठून दिसत नाही.

आपल्या भागात वीज केव्हाही जाते, म्हणून क्रिटाच्या सेटिंगमध्ये आपोआप जतन होण्याचा अवधी कमी करून घ्यावा आणि मूळ फाइल क्रिटाच्या स्वतःच्या केआरए स्वरूपातच ठेवावी, कारण जेपीजी स्वरूपात लेयर (चित्राचे एकावर एक रचलेले थर) वेगळे राहत नाहीत. पेनची निब (बदलता येणारे टोक) झिजून तिला धारदार कड आली, तर टॅब्लेटच्या पृष्ठभागावर चरे पडतात. अशी निब वापरत राहू नये. सोबतच्या डबीत जादा निबा आहेत, आणि जुनी निब निघत नसल्यास पेन दुकानात आणावे, आम्ही ती बदलून देऊ.