भेळवाल्याचा गल्ला आणि बारा जणांची ज्युरी

नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यानंतर भारतातली ज्युरी (दोषी की निर्दोष हा कौल देणारे सामान्य नागरिक) लगेच बंद झाली, असं अजून सर्रास सांगितलं जातं. मुंबईच्या सत्र न्यायालयात १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला, हे खरं. पण ज्युरी नको, ही शिफारस विधी आयोगाने १९५८ मध्येच केली होती आणि ज्युरी फौजदारी कायद्यातून गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेमुळे. ज्युरी गेली तरी बारा जण बंद खोलीत बसून एका मतावर कसे येतात, हे मुलांना जरूर शिकवावं. सोसायटीची सभा असो की शाळेची समिती, गडबड तीच होते.

शाळेतल्या कोर्टाच्या नाटकात वकिलांची जुगलबंदी रंगते, न्यायाधीश हातोडा आपटतात (आपल्या कोर्टात तो नसतोच) आणि शेवटी वर्गाला सांगतात, "हात वर करा." पहिले चार हात वर गेले की बाकीचे तिकडेच बघतात. चर्चा होतच नाही.

त्याऐवजी असं करा. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चौघं नट आणि बारा-बाराच्या तीन ज्युरी. नाटक वीस मिनिटांचं. ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या भेळेच्या गाडीवरचा गल्ला चोरीला गेलाय. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी तीन: कॅमेऱ्यात ८:१० ला आरोपी गाडीजवळ दिसतो, त्याच्यावर उधारी आहे, त्याच्या खिशात ८०० रुपये सुट्टे सापडले. प्रत्येक ज्युरीत आणखी तीन चिठ्ठ्या, तीन वेगवेगळ्या मुलांकडे: कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं, भेळवाल्याने ८ वाजता त्याच गल्ल्यातून दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला सुट्टे दिले, आरोपीने ८:०२ ला ठाणे स्टेशनवर तिकीट काढलं. तिन्ही एकत्र आल्या की आरोपी ७:५० ला गाडीजवळ होता आणि चोरी होण्याआधीच निघून गेला, हे उघड होतं. एकेकटी चिठ्ठी मात्र काहीच सिद्ध करत नाही.

खरी गंमत इथे आहे. समजा, आपल्याला माहीत असलेली एखादी गोष्ट चर्चेत बोलून दाखवण्याची शक्यता प्रत्येक मुलामागे २० टक्के आहे. उधारी बाराही जणांना ठाऊक आहे. ती कुणीच न काढण्याची शक्यता म्हणजे ०.८ चा बारावा घात, साधारण ०.०७. म्हणजे उधारीचा विषय निघण्याची शक्यता ९३ टक्के! घड्याळाची गोष्ट एकालाच ठाऊक, तिची शक्यता २० टक्केच राहते. तिन्ही चिठ्ठ्या बाहेर येण्याची शक्यता ०.२ चा घन, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. कुणी काही मुद्दाम लपवत नाही, तरी सत्य आतच राहतं. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोगातून हेच दाखवलं. वर आणखी एक फास आहे: आपल्याला आधीच माहीत असलेलं कुणी बोललं की तो माणूस आपल्याला हुशार वाटतो, त्यामुळे उधारी पुन्हा पुन्हा उगाळली जाते.

तिन्ही ज्युरींना वेगळे नियम द्या. पहिली सुरुवातीलाच हात वर करून कौल घेईल. दुसरी आधी गुप्त चिठ्ठीने मत देईल आणि मग बोलेल. तिसरीत पहिली दहा मिनिटं 'दोषी', 'निर्दोष' हे शब्दच बंद. प्रत्येकाने फक्त आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगायचं. चर्चा एकूण तीस मिनिटं, शेवटी पुन्हा गुप्त मतदान. माहितीची चिठ्ठी तोंडीच सांगायची. हातोहात फिरली की प्रयोग संपला. वर्गातला मॉनिटर ज्युरीप्रमुख नको, त्याचं पहिलं वाक्य सगळे उचलतात. बाईंनी किंवा सरांनी मध्ये "अजून काही आहे का?" असं सूचक विचारू नये.

"त्याचा चेहराच चोराचा आहे" हे वाक्य येणारच. चेहरा, नजर आणि देहबोलीवरून खोटं ओळखायला शिकवणाऱ्या व्हिडिओंचं सध्या पेव फुटलंय. प्रत्यक्षात असंख्य प्रयोगांची सरासरी सांगते की माणूस खरं-खोटं जेमतेम ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतो. नाणं उडवलं तर ५०.

प्रत्येक ज्युरीजवळ एक नोंद ठेवणारा बसवा. नाटक झाल्यावर नट मोकळेच असतात. सहाही मुद्दे कागदावर लिहून, जो मुद्दा निघेल त्यापुढे रेघ. शेवटी तिन्ही कागद फळ्यावर शेजारी लावा आणि कौलाआधी रेघा मोजा. एका वर्गाच्या तीन ज्युरींवरून नियम ठरत नाही, म्हणून शेजारच्या तुकड्यांतही हाच खटला चालवा आणि सगळे कागद एकत्र जपून ठेवा.