डिस्क की ढिलाई? ब्रेक मारताच हादरणाऱ्या पिकअपचं दुखणं ओळखताना

ब्रेक मारला की कार थरथरते. पिकअप थरथरत नाही, हादरते. मागे दीड टन कांदा, खाली पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसलेली बॉडी, समोर कसारा घाटाचा उतार, आणि पायाखाली पेडल दाबताच स्टिअरिंग दोन्ही हातांना झटके द्यायला लागतं. डॅशबोर्ड खडखडतो, आरसे थरथरून मागचं काही दिसेनासं होतं. ड्रायव्हर घाबरून पाय उचलतो, जे घाटात अजिबात करू नये.

गॅरेजमध्ये याचं निदान बहुतेक वेळा गाडी उचलायच्या आधीच झालेलं असतं: 'डिस्क बेंड झालीय.' कधी ते खरं निघतं. कधी डिस्क बदलूनही चार-सहा महिन्यांत गाडी पुन्हा तशीच हादरते आणि मग 'पार्ट डुप्लिकेट निघाला' असा ठपका बसतो. या हादऱ्यामागे सहसा दोनपैकी एक गोष्ट असते. एक, ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) किंवा ड्रम (तेच काम करणारा डबा). दुसरी, पुढच्या भागातली ढिलाई, म्हणजे बुश (रबरी सांधे), बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोल सांधा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं टोक), शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी), बेअरिंग. ड्रायव्हरच्या हाताला दोन्ही सारख्याच वाटतात. माझं मत असं की डिस्क हादरा तयार करते आणि ढिलाई तो वाढवते. म्हणून हादरा जितका जोरदार, तितका ढिलाईवर संशय जास्त घ्यावा. गॅरेजचा रिवाज नेमका उलटा आहे.

आधी डिस्क. 'बेंड' म्हटलं की पापडासारखी वाकलेली चकती डोळ्यासमोर येते. तसं फार क्वचित होतं. खरा दोष असतो जाडीतल्या फरकाचा. डिस्क फिरताना एका जागी किंचित जाड आणि दुसऱ्या जागी किंचित पातळ असली, की जाड भाग डिस्क दाबणाऱ्या पॅडमधून जाताना कॅलिपरचा, म्हणजे ते पॅड आवळणाऱ्या चिमट्याचा, पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो. ब्रेक ऑइलमधून तोच धक्का पेडलपर्यंत पोचतो, आणि चाकावरचा ब्रेकचा जोरही प्रत्येक फेऱ्याला कमी-जास्त होतो. यासाठी फरक किती लागतो? मिलिमीटरचे दोन शतांश, ०.०२ मिमी इतकाही पुरतो. डोक्याचा केस याच्या तिपटीने जाड असतो. म्हणजे डिस्क हातात घेऊन, डोळ्यासमोर धरून 'सरळ दिसतेय की' म्हणण्याला काही अर्थ नाही.

हा फरक येतो कुठून, हे समजलं की निम्मं काम होतं. बहुतेक वेळा सुरुवात डिस्कपासून होत नाही, हबपासून, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागापासून होते. जुनी डिस्क काढली, हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा तसाच ठेवून नवी बसवली, किंवा पंक्चरच्या दुकानात एअर गनने नट एकामागून एक कचकचून आवळले, की डिस्क हबवर एक कणभर तिरकी बसते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न दाबता गाडी धावते तेव्हाही डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जातो आणि तेवढ्याच जागी झिजत राहतो. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते आणि हादरा सुरू होतो. नवीन डिस्क 'सहा महिन्यांत गेली' याचं गुपित बऱ्याचदा एवढंच असतं. कॅलिपरच्या पिना ग्रीसअभावी अडकल्या असतील तर हेच आणखी लवकर होतं.

दुसरं कारण उष्णतेचं. खंबाटकी किंवा कसारा उतरताना चौथ्या-पाचव्या गियरवर गाडी सोडून सगळा भार ब्रेकवर टाकला, आणि खाली येऊन टोलच्या रांगेत पेडल घट्ट दाबून उभे राहिलात, की तापलेल्या पॅडचा मसाला डिस्कवर त्या जागी चिकटतो. ओतीव लोखंड साधारण साडेसहाशे-सातशे अंशांपर्यंत तापलं तर त्या ठिपक्यापुरता धातूच बदलतो, जास्त कडक होतो. मग आजूबाजूचा भाग झिजतो, तो ठिपका झिजत नाही. अशा डिस्कवर निळसर-काळे डाग दिसतात. लेथवर फेस मारून (वरचा थर कापून सपाट करून) वरवरचा चिकटा निघतो. कडक झालेला ठिपका मात्र खोल असेल तर काही दिवसांनी पुन्हा वर येतो, तेव्हा अशी डिस्क बदललेलीच बरी. घाट उतरून गाडी थेट वॉशिंगला नेणं आणि तापलेल्या चाकावर पाण्याचा फवारा मारणं हाही डिस्कशी केलेला वैरभावच.

डिस्कच्या हादऱ्याला ताल असतो. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर भरतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १० फेरे मारतं, ४० ला ५. डिस्क खराब असेल तर धक्के या फेऱ्यांना बांधलेले असतात. वेग उतरत जातो तसे ते संथ होत जातात, आणि अगदी थांबता थांबता एक-एक धक्का मोजता येतो. पाय उचलला की हादरा त्याच क्षणी बंद. आणि हलका, एकसारखा दाब दिला तरी तो जाणवतोच. जोरात ब्रेक मारावा लागत नाही.

मागच्या ड्रमचंही असंच, फक्त धक्का स्टिअरिंगला न येता सीटला, फळ्यांना, मागच्या बॉडीला येतो. ड्रम किंचित अंडाकृती झाला की असं होतं. शहानिशा सोपी आहे. रिकाम्या गाडीने, मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ३०-४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरत तो हळूहळू ओढायचा. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, तिथे पुढच्या ब्रेकचा यात संबंधच येत नाही. तरीही हादरली तर ड्रम बघायचा. ओल्या रस्त्यावर किंवा वळणावर हे करू नये, मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.

आता ढिलाई. इथे प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि बहुतेकांचे पैसेही इथेच वाया जातात.

ब्रेक लागतो तेव्हा गाडीचं वजन पुढे झुकतं आणि रस्ता पुढच्या चाकाला मागे खेचतो. या ओढीला अडवून धरायचं काम लोअर आर्मचे (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड करतात. बुशचं रबर फाटलं असेल तर चाक थोडं मागे सरकतं, सरकताना त्याचं तोंड किंचित आत-बाहेर वळतं, मग रबर त्याला परत पुढे ढकलतं. हे पुढे-मागे एकदा सुरू झालं की स्टिअरिंग डावी-उजवीकडे मारायला लागतं. आपल्याकडच्या काही पिकअपना पुढेही पाटे आणि सरळ अ‍ॅक्सल असतो. तिथे शॅकलचे बुश झिजले किंवा पाट्याला बांधून ठेवणारे यू-बोल्ट सैल पडले, की ब्रेक लागताना अ‍ॅक्सल जास्तच पुढे वळतो, किंगपिनचा (ज्या खिळीभोवती चाक वळतं तिचा) मागे असलेला कल कमी होतो, आणि चाकं आपोआप सरळ राहण्याची ताकद हरवतात. किंगपिनमध्ये आधीच प्ले, म्हणजे मोकळी हालचाल असेल तर मग विचारायलाच नको.

ढिलाईच्या हादऱ्याला डिस्कसारखा ठरलेला ताल नसतो. तो एका ठरावीक वेगाला एकदम भडकतो. ७० ला काही नाही, ६० ला स्टिअरिंग धरवत नाही, ५० ला पुन्हा शांत. पेडल मात्र पायाखाली बऱ्यापैकी स्थिर. ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर डोलत राहते. पुढची लक्षणं ब्रेकशिवायही दिसतात: खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंग थरथरणं, पहिल्या ब्रेकला खालून एकच 'कट्' असा आवाज, आणि तसाच रिव्हर्सला, दर वेळी एका बाजूला ओढ, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने जास्त झिजणं. हलक्या ब्रेकला शांत आणि करकचून मारला की तांडव, असं असेल तर मी डिस्कच्या आधी बुश बघेन.

फसगत होते ती दोन्ही एकत्र असताना. बुश कडक असतात तेव्हा पुढच्या चाकाची पुढे-मागे डोलण्याची स्वतःची लय बरीच जलद असते. बुश सैल पडले की ती लय मंदावते आणि रोजच्या वेगात डिस्ककडून येणाऱ्या सेकंदाला सात-दहा धक्क्यांशी जुळायला लागते. मग डिस्कमधला एरवी पेडललाही न कळणारा बारीकसा दोष अख्खी केबिन हलवतो. आता गॅरेजवाला डिस्क बदलतो, धक्केच बंद होतात, सगळे खूश. बुश तसेच सैल. नवी डिस्क थोडी झिजली, तिच्यात केसापेक्षा कमी फरक आला की पुन्हा तोच गोंधळ. उलटंही होतं. बुश बदलल्यावर हादरा पाव होतो, मालक समाधानी, पण डिस्क अजून खराबच असते आणि नवे बुश ती मारून मारून लवकर संपवते.

म्हणून गाडी जॅकवर घेतल्याशिवाय कुणाचंही निदान मानू नये. पुढचं चाक उचलायचं, खाली स्टँड लावायचा, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत वाकायचं नाही. आधी घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी हात ठेवून चाक आत-बाहेर हलवायचं. प्ले जाणवला तर एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो व्हील बेअरिंगचा, कारण डिस्क आणि कॅलिपर आता एकमेकांना धरून आहेत. तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. मग ३ आणि ९ च्या जागी. इथला प्ले बहुतेक टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. लोअर आर्मवर स्प्रिंग किंवा टॉर्शन बार बसलेला असेल, तर जॅक त्या आर्मखालीच लावावा लागतो. चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा जोर बॉल जॉइंट दाबून ठेवतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. बुशसाठी आर्म आणि चेसिसच्या मध्ये लांब पहार घालून दाबायचं. चांगला बुश किंचित दबतो आणि परत येतो. गेलेल्या बुशमध्ये पहार घातल्याबरोबर रबर आणि मधली नळी वेगवेगळी हलताना दिसतात, आणि फटीतून लाल माती सांडते.

हे सगळं घट्ट निघालं की मगच डिस्क. डायल गेज लावून डिस्क हाताने एक फेरा फिरवायची आणि काटा किती हलतो ते बघायचं. साधारण ०.०५ मिमीपर्यंत चालतं, त्यावर गेलं की हब पुसून, डिस्क एक-दोन नटांनी सरकवून बसवून पुन्हा मोजायचं. कधी कधी नुसत्या जागाबदलाने काटा शांत होतो. जाडी मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजायची. डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. लेथवर फेस मारून त्याखाली जात असेल तर कारागीर कितीही म्हणो, 'चालेल अजून वर्षभर,' तिथे थांबायचं.

तिसऱ्या कुठल्या कारणाची शंका असेल तर ती लवकर मिटते. ब्रेक न मारताही ८०-९० ला स्टिअरिंग थरथरत असेल तर ते बॅलन्सिंगचं काम. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आत बसलेला चिखल वाळला तरी असं होतं, आधी धुऊन घ्या. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत घसरणीवर पेडल फडफडणं स्वाभाविक आहे. चाकाचे नट मात्र सगळ्यात आधी, रस्त्याच्या कडेलाच बघा. सैल नटाची गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये.

दुरुस्तीनंतर नट हाताच्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटचा आवळ टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराला आवळणाऱ्या पान्याने), हँडबुकमधल्या आकड्याप्रमाणे. पंक्चर काढणाऱ्याला एअर गन शेवटपर्यंत चालवू देऊ नका, तो कुरकुरला तरी चालेल. नवे पॅड असतील तर पहिल्या दिवशी रिकाम्या गाडीने ५०-६० च्या वेगातून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये डिस्क गार व्हायला थोडं चालू द्यायचं. त्यानंतरच माल भरा, आणि पहिली फेरी घाटाची नसली तर उत्तम.