प्राणिसंग्रहालयातील हत्तींचे संगोपन

प्राणिसंग्रहालयातील हत्तींचे संगोपन : प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या हत्तींचा निवारा, चारापाणी, पायांची निगा, औषधोपचार, सोबत आणि रोजची हालचाल यांची व्यवस्था. भारतातल्या प्राणिसंग्रहालयांत बहुतेक हत्ती आशियाई जातीचे (एलिफस मॅक्सिमस) आहेत. आफ्रिकी हत्ती मोजकेच आले. हत्ती जमिनीवरच्या प्राण्यांत अंगाने सर्वांत मोठा, आयुष्याने दीर्घ आणि स्वभावाने कळपातला. त्यामुळे भिंतींच्या आत त्याला नीट सांभाळणे इतर बहुतेक प्राण्यांपेक्षा अवघड जाते.

‘दारी हत्ती झुलणे’ हे मराठीत वैभवाचे लक्षण मानले जाते. खंदकापलीकडे हत्ती डुलायला लागला की मुले ‘हत्ती नाचतोय’ म्हणून टाळ्या पिटतात. जाणत्या माहुताला आणि पशुवैद्याला मात्र त्या झुलण्याची काळजी वाटते. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत, डोके डावीउजवीकडे हलवत तासन्‌तास चालणारी ही हालचाल रानातल्या हत्तींत दिसत नाही. साखळी, रिकामा वेळ, एकटेपण किंवा चाऱ्याची वाट पाहणे यांतून ती जडते आणि एकदा जडली की परिस्थिती सुधारल्यावरही पुरती जात नाही. हत्ती किती वेळ झुलतो याची रोजची नोंद ठेवणे हे चांगल्या संगोपनाचे पहिले काम आहे. वजनकाट्यापेक्षाही ही नोंद पुष्कळदा आधी बोलते.

बंदिवासाचा हिशेब आकड्यांतही मांडला गेला आहे. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतील हत्तिणींची तुलना म्यानमारच्या लाकूडतोडीच्या कामावरील हत्तिणींशी केली होती. संग्रहालयात जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुष्य (निम्म्या हत्तिणी ज्या वयापर्यंत जगल्या ते) १८.९ वर्षे भरले, म्यानमारमधील हत्तिणींचे ४१.७ वर्षे. ओंडके ओढणाऱ्या हत्तिणी आयत्या चाऱ्यावरच्या हत्तिणींपेक्षा दुपटीहून अधिक जगतात, ही गोष्ट अनेक व्यवस्थापनांना हादरवणारी होती. लठ्ठपणा आणि ताण ही कारणे त्या वेळी पुढे आली.

जुनी परंपरा : हत्ती पाळण्याचे ज्ञान भारताला नवे नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्षाचे, म्हणजे हत्तींवरच्या अधिकाऱ्याचे, स्वतंत्र प्रकरण आहे. हत्तीच्या लांबीच्या दुप्पट उंच, रुंद आणि लांब गजशाळा असावी, त्याला दिवसातून दोनदा आंघोळ घालावी आणि आंघोळीनंतर चारा द्यावा, असे त्यात सांगितले आहे. वैद्य, माहूत, रातब (हत्तीचा शिधा) शिजवणारा आणि चारा आणणारा असे वेगवेगळे नोकरही नेमून दिले आहेत. पालकाप्य ऋषींच्या नावावर असलेला हस्त्यायुर्वेद तर सबंध हत्तींच्या रोगांवरच आहे. हत्ती ही राजाची युद्धसंपत्ती होती, ही निगा म्हणजे प्रेमापोटी केलेली सेवा नव्हे. तरीही एका हत्तीमागे किती माणसे लागतात याचा अंदाज त्या काळी पक्का होता. महाराष्ट्राच्या वनविभागात माहुताच्या जोडीला ‘चाराकटर’ असे पद आहे, ते याच जुन्या वाटणीतले.

पाय : बंदिस्त हत्तीचा जीव त्याच्या पायांत असतो. तीन-चार टनांचे धूड चार तळव्यांवर उभे राहते. रानात माती, वाळू, चिखल आणि दगड तुडवताना तळवा आणि नखे आपोआप झिजतात. फरशीवर किंवा काँक्रीटवर उभ्या असलेल्या हत्तीचे तसे होत नाही. नखे वाढून चिरतात, तळव्याच्या भेगांत शेण-मूत साचते, गळू होते, पू हाडापर्यंत जातो. मग दुखऱ्या पायामुळे तो आडवा होत नाही, कारण पुन्हा उठणे त्याला झेपत नाही. बंदिवासातल्या कितीतरी हत्तींचा शेवट पायांच्या आणि सांध्यांच्या दुखण्यानेच होतो.

म्हणून पायांची निगा रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. सकाळी लोखंडी गजांच्या खालच्या झडपेशी हत्तीण येते. कीपर पायाचे नाव घेतो, ती तोच पाय उचलून आडव्या पट्टीवर ठेवते. आधी पाण्याच्या झोताने भेगा धुतात, मग बोटाने नखाची कड चाचपतात. हाताला गरम लागणारी किंवा दाबल्यावर तिने पाय मागे घेतलेली जागा वहीत लिहितात. वाढलेले नख कानशीने घासतात, तळव्याचा मेलेला थर वाकड्या सुरीने पातळ पापुद्र्यासारखा काढतात. घाई केली तर रक्त येते आणि पुढचे आठ दिवस ती पाय देत नाही. दुखरा पाय मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या टोपात बुडवून ठेवायचा, दर खेपेला केळ्याचा किंवा गुळाचा तुकडा द्यायचा. हे काम करणारी माणसे तळवा पाहून हत्ती ओळखतात.

या सगळ्याचे मूळ जमिनीत आहे. गोठ्यात वाळूचा जाड थर आणि बाजूला वाळूचा उंच ढीग असला की म्हातारी हत्तीणही त्याला रेलून झोपते आणि सकाळी ढकला-ओढीशिवाय उठते. रात्रीची तीन-चार तासांची झोप हत्तीला आडवे होऊन मिळाली पाहिजे. माझ्या मते प्राणिसंग्रहालयाने कुंपणाच्या रंगरंगोटीआधी फरशी उखडण्यावर पैसा खर्च करावा.

चारापाणी : ‘मुंगीला कण आणि हत्तीला मण’ अशी म्हण आहे. प्रत्यक्षात मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास हिरवा चारा लागतो, म्हणजे जवळजवळ चार मण, आणि शंभर ते दोनशे लिटर पाणी. खाल्लेल्यातले निम्म्याहून कमी अंगी लागते, उरलेले शेणावाटे जाते. रानात तो दिवसातले बारा ते अठरा तास चरतच असतो. सकाळ-संध्याकाळ दोन ढिगांत चारा टाकला तर पोट भरते, पण मधला सगळा दिवस रिकामा जातो आणि त्याच रिकाम्या वेळात झुलणे सुरू होते. म्हणून चारा उंच टांगतात, जाळीत भरतात, ओंडक्यांच्या भोकांत कोंबतात, मैदानभर विखरून ठेवतात. वड-पिंपळाच्या फांद्या सालीसकट दिल्या की साल सोलण्यातच तास जातो. बाकी हत्तीगवत, केळीचे खुंट, ऊस, भिजवलेले कुळीथ, नाचणीचे गोळे आणि मीठ हा नेहमीचा शिधा. भात, गूळ, बिस्किटे यांनी हत्ती फुगतो. पाहुण्यांनी खाऊ टाकू नये या पाटीमागे हेच कारण आहे.

आंघोळ ही हत्तीची चैन नव्हे. नखांभोवतीचा भाग सोडला तर त्याला घामाच्या ग्रंथी नाहीत. अंगावरचे पाणी, चिखल आणि हलणारे कान हीच त्याची थंड होण्याची साधने. नारळाच्या सोडणांनी अंग घासून घेणे त्याला आवडतेच, पण नंतर लगेच अंगावर माती उडवली तर माहुताने रागावू नये. उन्हापासून आणि माशांपासून तेच त्याचे पांघरूण.

सोबत : हत्तीण आई, बहिणी, मावश्या आणि पिल्ले यांच्या कळपात आयुष्य काढते. नर वयात आल्यावर कळप सोडतो, तरी पुरता एकलकोंडा होत नाही. देशोदेशीच्या सरकारांनी एकमेकांना हत्ती भेट दिले, तेव्हा ही गोष्ट फारशी लक्षात घेतली गेली नाही. १९८५ मध्ये श्रीलंकेने पाकिस्तानला दिलेला कावन हा इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयात होता. त्याची जोडीदारीण सहेली २०१२ मध्ये गेल्यावर तो आठ वर्षे एकटा राहिला. न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला विमानाने कंबोडियाला नेले. झिंबाब्वेकडून राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांना भेट मिळालेला आफ्रिकी हत्ती शंकर याच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. जोडीदार लवकर मेल्यावर तो दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात अनेक वर्षे एकट्याने राहिला. त्याच्या पायातल्या साखळ्यांवरून २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दिल्लीचे सदस्यत्व निलंबित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला, तेव्हा तिशीतही पोचला नव्हता.

नवी हत्तीण आणल्यावर ओळख गजांआडून, सोंडेला सोंड लावून, आठवडे-महिने घेत करून देतात. सगळ्यांचे पटतेच असे नाही. पटत नसलेल्या दोघींना रात्री एका गोठ्यात कोंडणे धोक्याचे असते.

नर मदावर आला की गंडस्थळातून तेलकट स्राव गळतो, मूत्र थेंब थेंब ठिबकते, तो ओळखीच्या माणसावरही धावतो. ही अवस्था काही आठवडे ते काही महिने टिकते. त्याच्यासाठी वेगळे, भक्कम आवार हवे. ते नसेल तर साखळीशिवाय दुसरा उपाय उरत नाही, म्हणून जागा नसलेल्या संस्थेने नर ठेवूच नये.

माहूत आणि अंकुश : पारंपरिक पद्धतीत माहूत हत्तीच्या अंगाखांद्यावर वावरतो आणि अंकुशाचा धाक असतो. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन डिएगो येथे दुसरी पद्धत रुजली, तिला संरक्षित संपर्क म्हणतात. माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये कायम आडोसा असतो. टोकाला चेंडू असलेल्या काठीने इशारा करतात, बरोबर वागल्यावर खाऊ देतात, हत्ती आला नाही तर सोडून देतात, शिक्षा नसते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ऑक्टोबर २००१ मध्ये हत्तीच्या पायाखाली कीपर मृत्युमुखी पडला आणि त्यानंतर तिथले हत्ती व्हिप्सनेडच्या मोठ्या कुरणात हलवले गेले. भारतात संरक्षित संपर्काची पद्धत सावकाश येत आहे. पिढीजात माहुताला हत्तीची जेवढी नस कळते तेवढी पुस्तकातून कळत नाही. त्याला डावलून नव्हे, त्याच्याच हातात नवी काठी देऊन हा बदल होऊ शकतो.

रोग : माणसाचा क्षय हत्तीला होतो. तपासणीसाठी नाकपुडीत निर्जंतुक सलाइन घालतात, हत्ती सोंड उंच धरतो आणि मग पिशवीत फुंकतो. असे तीन वेगवेगळ्या दिवशी करतात. कीपरचीही तपासणी तितकीच गरजेची. पिल्लांचा कर्दनकाळ म्हणजे हत्तींमधला, नागीण (हर्पिस) या रोगाच्या कुळातला एक विषाणू. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला कुमारी नावाचे सोळा महिन्यांचे पिल्लू दगावले आणि त्यातून या रोगाचा छडा लागला. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, जीभ निळी पडते, सकाळी खेळणारे पिल्लू दोन दिवसांत जाते. ओडिशातल्या नंदनकानन येथे ऑगस्ट-सप्टेंबर २०१९ मध्ये याच रोगाने चार तरुण हत्ती दगावले. लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. कानामागच्या शिरेतून तपासणीसाठी नियमित रक्त देण्याची सवय पिल्लाला लावतात ती यासाठीच. ताप पाहायचा तर नुकत्याच पडलेल्या शेणाच्या गोळ्याच्या मधोमध तापमापक खुपसतात.

भारतातील स्थिती : केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये प्राणिसंग्रहालये आणि सर्कशींतले हत्ती जंगलालगतच्या हत्ती कॅम्पांत व अभयारण्यांत हलवण्याचा आदेश काढला. अंमलबजावणी अर्धवट झाली. म्हैसूरच्या १८९२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिसंग्रहालयात आजही हत्ती आहेत. महाराष्ट्रात गडचिरोलीचे कमलापूर आणि मेळघाटातले कोलकास इथले कॅम्प वनविभागाचे. तिथले हत्ती रात्री जंगलात चरायला सुटतात. मुंबईच्या राणीच्या बागेत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याजवळ फोटो काढताना बऱ्याच जणांना ठाऊक नसते की घारापुरीला युरोपीयांनी ‘एलिफंटा’ म्हटले ते याच हत्तीवरून.

२०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-संगोपन केंद्रात गेली, तेव्हा सबंध जिल्हा रस्त्यावर उतरला. ती मठातली होती, प्राणिसंग्रहालयातली नव्हे. पण न्यायालयापुढच्या अहवालांत तेच होते : सडलेले पाय, वाढलेली नखे, सांधेदुखी आणि एकटेपण. लोकांचे प्रेम खरे होते आणि पायही खरेच दुखत होते.

म्हातारपण : हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चारा चावला जात नाही, शेणात अख्खे तंतू दिसू लागतात. तेव्हा गवत बोटभर तुकड्यांत कापून, खिमट शिजवून, दिवसातून सात-आठ वेळा थोडे थोडे द्यावे लागते. कळपातली हत्तीण गेली की चांगल्या संस्थांत उरलेल्यांना काही तास तिच्यापाशी राहू देतात. त्या सोंडेने तिचे तोंड, पाय, कान चाचपतात, कधी अंगावर माती टाकतात. त्या आपणहून बाजूला झाल्या की शवविच्छेदन होते.