स्टेनलेस स्टील वेल्डिंगच्या जोडाच्या थोडं बाजूलाच का गंजतं?

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या नव्या बादलीवर पानाफुलांसारखी नक्षी दिसते. त्यातला एकेक ठसा म्हणजे जस्ताचा एकेक स्फटिककण. स्टेनलेस स्टीलही अशाच कणांचं बनलेलं असतं, फक्त ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. दोन कण भिडतात तिथे अणूंची मांडणी विस्कटलेली असते. या कणसीमेवर अणू भराभर सरकतात आणि नवी संयुगंही आधी तिथेच धरतात.

३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा जेमतेम २-३ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा स्टीलला गंजू देत नाही. ओरखडा पडला तरी हवेत तो पुन्हा धरतो. अट एकच: खालच्या धातूत निदान ११-१२ टक्के क्रोमियम हवं.

वेल्डिंगमध्ये हीच अट मोडते. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसला स्टीलमधला कार्बन कणसीमेवर येऊन क्रोमियमशी कार्बाइड बनवतो. कार्बनच्या ६ अणूंमागे क्रोमियमचे २३ अणू अडकतात. कार्बनचा अणू लहान, तो अख्ख्या कणातून धावत येतो. क्रोमियम मात्र संथ, म्हणून ते सीमेलगतचंच खर्ची पडतं. तिथे पापुद्रा नीट धरत नाही. खुद्द जोड त्या तापमानातून झटकन खाली येतो. थोडा बाजूचा पट्टा जास्त वेळ रेंगाळतो. म्हणून गंजाची रेघ जोडावर नसून त्याला समांतर उमटते. आम्ल लागलं की सीमा पोखरतात, कण वाळूसारखे सुटतात. जाडी मोजली तर जवळपास तेवढीच भरते, पण पत्रा वाजवला तर खणखणीत आवाज येत नाही.

जोड घासून, पॉलिश करून हा दोष जात नाही. तो पत्र्याच्या आत असतो. १०५० अंशांच्या वर तापवून पाण्यात झटपट थंड केल्यास कार्बाइड विरघळतं, पण एवढ्या उष्णतेत तयार टाकी वेडीवाकडी होते. त्यापेक्षा पत्राच ३०४एल घ्यावा: कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत (साध्या ३०४ मध्ये ०.०८ पर्यंत चालतो). किंवा टायटॅनियम घातलेला ३२१; त्यात कार्बन टायटॅनियमकडे जातो, क्रोमियम मोकळं राहतं.

शंका असेल तर नमुना घासून गुळगुळीत करावा, १० टक्के ऑक्झॅलिक आम्लात दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर प्रवाह दीड मिनिट द्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं. एखाद्या कणाभोवती सलग खंदक दिसला तर तो माल उकळत्या आम्लाच्या कसोटीला लावल्याशिवाय वापरू नये. आणि पत्रा एल घेतला तर फिलर वायरही (जोडात वितळवून भरायची तार) ३०८एलच घ्यावी.