मुख्य पेठेचा पुनर्विकास का रखडतो: पार्श्वभूमी

नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात जुन्या बाजारपेठेतून रस्ता रुंदीकरणाच्या दोन समांतर रेघा गेलेल्या असतात. जागेवर रस्ता सहा-सात मीटरचा, रेघांमधलं अंतर बारा मीटर. पेठेच्या पुनर्विकासाच्या बहुतेक चर्चा या रेघांपाशी येऊन थांबतात, म्हणून त्या आल्या कुठून हे पाहायला हवं.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट आला आणि दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याची पद्धत रूढ झाली. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने वेगळं हत्यार दिलं. नगररचना योजनेत सगळ्यांचे भूखंड एकत्र धरायचे, त्यातून रस्ते काढायचे आणि प्रत्येकाला थोडा लहान पण नीट आकाराचा अंतिम भूखंड परत द्यायचा. सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या मोकळ्या जमिनींवर ते चाललं. भरलेल्या पेठेत हात घालण्याच्या फंदात फारसं कुणी पडलं नाही.

१९५४ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला विकास आराखडा सक्तीचा केला आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने तीच चौकट पुढे नेली. नकाशावर रेघ मारणं सोपं झालं. जागा ताब्यात घेणं मात्र नगरपरिषदेच्या तिजोरीवर सोडलं गेलं. तिजोरीत पैसे नसतात. त्यामुळे रुंदीकरण घडतं ते मालक बांधकाम परवानगी मागायला येईल तेव्हाच.

साडेतीन मीटर दर्शनी रुंदीचं दुकान घ्या. पुढून अडीच मीटर सोडलं की पावणेनऊ चौरस मीटर गेले, आणि तेही तळमजल्यावरचे, सगळ्यात कमाईचे. मालक मग नवं बांधतच नाही. गर्डर टाकतो, पत्रे बदलतो, दुरुस्तीवर भागवतो. ज्याने नियम पाळला त्याचं दुकान मागे सरकतं, शेजारची दहा पुढेच राहतात आणि मधल्या खाचेत मोटारसायकली लागतात. रुंदीकरणासाठी नवं बांधकाम हवं आणि रुंदीकरणामुळेच ते होत नाही, असा हा पेच आहे.

मोबदला टीडीआरमध्ये, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कात घ्या, असं सांगितलं जातं. दाट वस्तीतल्या जागेला तो क्षेत्राच्या तिप्पट मिळतो खरा, पण लहान शहरात मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकामच पुरतं वापरलं जात नाही, मग टीडीआर विकत घेणार कोण? शिवाय नऊ मीटरहून अरुंद रस्त्यावर तो वापरताही येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे रोख द्यायची तर बाजारभावावर शंभर टक्के दिलासा रक्कम. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना देतो, म्हणजे जागा घ्या असं कळवतो. २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत की त्या जागेवरचं आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. मधलीच दोन दुकानं सुटली की पुढची रेघ कागदावरच राहते.

यात भाडेकरूंचा प्रश्न मिसळतो. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कायदेशीर भाडं, सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, तीही त्या जुन्या आकड्यावर. नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा, जिना आणि पार्किंग दिल्यावर लहान भूखंडावर विकायला काही उरत नाही. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव असेल तर वारसांच्या सह्या वेगळ्याच.

१९१५ च्या हत्याराचं, म्हणजे नगररचना योजनेचं, खरं मोल गुजरातेतल्या भूजमध्ये कळलं. २००१ च्या भूकंपानंतर तटबंदीच्या आतल्या शहरासाठी आठ नगररचना योजना केल्या गेल्या, गुजरातच्या १९७६ च्या कायद्याखाली. त्याचं मूळ त्याच मुंबई कायद्यात. भूखंडातून काढून घ्यायच्या जागेची कपात सरसकट न ठेवता लहान भूखंडांना कमी, मोठ्यांना जास्त ठेवली. अर्थात तिथे घरं पडलेली होती, सरकारी पैसा होता आणि बाहेर जाणाऱ्यांसाठी शहराभोवती पुनर्वसनाच्या जागा होत्या. उभ्या पेठेत ते जसंच्या तसं होणार नाही.

तरी दोन बोळांमधला वीस-पंचवीस मिळकतींचा एक तुकडा घेऊन ही पद्धत वापरता येईल. क्रम महत्त्वाचा: आधी सिटी सर्व्हेची मोजणी, मग वारस नोंदी, भाडेकरूंची यादी, २०१४ च्या कायद्याप्रमाणे फेरीवाल्यांचं सर्वेक्षण आणि शेवटी रेघ. सहसा उलट होतं. रेघ आधी पडते आणि मोजणीच्या दिवशी वाद निघतो, की रुंदी गटारावरच्या ओट्यापासून धरायची की भिंतीपासून. आराखडा २० वर्षांत एकदा सुधारायचा असतो. त्या वेळी कलम १२७ खाली सुटलेल्या मिळकती तपासल्या नाहीत, तर जुनीच रेघ नव्या नकाशावर उतरते.